शेजारी बसणारे आबा

हणमंत आबा कुणाच्याही समोर बसत नसत. कायम शेजारी. माझ्या कराडच्या ऑफिसात पहिल्यांदा आले, तेव्हा टेबलासमोरची खुर्ची उचलून त्यांनी सरळ माझ्या बाजूला आणून टेकवली. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला साठीचा मिशीवाला गडी. मी तोडून बोलणारी बाई. म्हटलं, "मुलाखत समोर बसून द्यायची असते." तर म्हणाले, "आवं मॅडम, समूर बसलं की माणूस त्वांड सांभाळत बसतंय. शेजारी बसलं की त्वांड दिसत न्हाई, मग बोलतंय." नोकरीही पोरांच्या मुलाखती घेण्याचीच होती. मी त्यांना लगेच ठेवून घेतलं.

विटा-आटपाडीकडची पोरं दहावी झाली की गलाईच्या धंद्यावर जातात. केरळ, पंजाब, बंगाल, कुठंही. भट्टीवर सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायची, ॲसिडच्या धुरात राबायचं आणि बहुतेक वेळा त्याच खोलीत झोपायचं. एवढ्या लांब, एवढ्या लहान वयात गेलेल्या पोरांच्या मनाचं काय होतं, याचा आम्ही अभ्यास करत होतो. ही पोरं एकगठ्ठा सापडायची फक्त गावच्या जत्रेत. म्हणून आमचं कामही जत्रेतच. तिकडं पालखी, तमाशा आणि मटणाचा रस्सा चालायचा, इकडं शाळेच्या कट्ट्यावर आबा एकेका पोराला शेजारी घेऊन बसलेले.

छापील प्रश्न ते सगळे विचारायचे, पण सुरुवात ठरलेली. "करमतं का रं तिकडं?" काही पोरं हसायची. एक पोरगा तर ढसाढसा रडला. आबा शेजारी तंबाखू मळत राहिले. नंतर मला म्हणाले, "रडतंय त्याची काळजी न्हाई मॅडम. ज्याला हसू बी न्हाई आन् रडू बी न्हाई, त्याच्यावर ध्यान ठिवा."

पोरगा काय बोलला ते घरच्यांनाही सांगायचं नाही, हा आमचा नियम. आया कट्ट्याच्या मागंच उभ्या असायच्या. आबा त्यांना सांगायचे, "वयनी, हिरीत पडल्यालं भांडं आन् आमच्या कानात पडल्याली गोष्ट वर येत न्हाई." एक बाई ठसक्यात म्हणाली, "हिरीतलं भांडं गळ टाकून काढत्यात की!" आबा म्हणाले, "मग टाक गळ. म्या बसतो हितंच." ती बिचारी हसत हसत डोळे पुसत निघून गेली.

खरं सांगायचं तर ऐकून ऐकून मी दगड झाले होते. कुणी काहीही सांगितलं तरी मी पुढच्या प्रश्नावर जायची. जेवण जेवणासारखं लागायचं नाही. आबांना ते कळायचं. "मॅडम, ड्युटी संपली. आता घरी जाऊन कुणाशी तरी भांडा," म्हणायचे. मला भांडायचीही हौस राहिली नव्हती.

आबांचा एकुलता एक मुलगा प्रवीण, तोही केरळात गलाईलाच. दोन वर्षं तो जत्रेला आला नव्हता. आईनं फोन केला तर "हां, बरं हाय" म्हणून ठेवून द्यायचा. आबा माझ्याकडं कामाला का आले, ते मला हळूहळू उमगलं. तिसऱ्या वर्षी प्रवीण आला. नात्यातल्या माणसाला आपण प्रश्न विचारायचे नाहीत, हाही नियमच. म्हणून त्याच्या शेजारी मी बसले.

"करमतं का तिकडं?" मी विचारलं.

"करमणं, न करमणं, तसलं काय हुतच न्हाई आता," तो म्हणाला. "जत्रा बघतुया, तर टीव्हीवर बघितल्यागत वाटतंय. आई वाढती, जेवतुया. आबास्नी सांगू नगा तेवढं."

जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का, हेही विचारलं. तसं असतं तर नियम मोडून घरी सांगावंच लागलं असतं. त्यानं सरळ "न्हाई" म्हटलं. मी त्याला समुपदेशकाचा नंबर दिला. तो त्यानं खिशात घातला.

आबा कट्ट्याच्या टोकाला उभे होते. मी त्यांच्याकडं न बघता पिशवी आवरायला लागले. "मॅडम, भिऊ नगा," ते म्हणाले, "म्या गळ टाकणार न्हाई." मग थोडं थांबून म्हणाले, "प्रवीण परत गेला की मला आठ दिस रजा पायजे." कशाला, ते मी विचारलं नाही.

गेल्या थंडीत आबा गेले. उसाला पाणी पाजताना बांधावर टेकले, ते उठलेच नाहीत. आमचा अभ्यास तेव्हा संपलेला होता. दहाव्यानंतर मी त्यांच्या घरी गेले. प्रवीण डोकं भादरून ओट्यावर बसला होता. मी शेजारी जाऊन बसले.

"आबा केरळात आल्तं, माज्या गलाईच्या दुकानात," तो आपणहून म्हणाला. "रजा काढून. आठ दिस भट्टीच्या बाजूला बसून. काय इचारलं न्हाई. मी काम करायचो, ते बसायचं. शेवटी स्टेशनवर सोडाय गेलो तवा मीच म्हणलो, आबा, मला काय वाटतच न्हाई ओ. तर म्हणालं, 'व्हय. मलाबी जम्मूला असंच झाल्तं. दोन वरीस. तुज्या आईलाबी म्हाईत न्हाई.'"

मलाही माहीत नव्हतं. इतक्या पोरांची मनं आबांनी माझ्यासाठी ऐकली आणि त्यांना मी एकदाही विचारलं नाही, करमतं का म्हणून. फार वाईट वाटलं. कितीतरी दिवसांनी मला काहीतरी वाटलं.

"लोक बघत्यात," प्रवीण म्हणाला, "बाप गेला आन् ह्याच्या डोळ्यात पाणी न्हाई."

आतून त्याच्या आईनं चहा पाठवला. तो निवून गेला. अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं. मग प्रवीण म्हणाला, "करमंना ओ मॅडम. आबांबिगर करमंनाच."

मी शेजारी होते. त्याचं तोंड मला दिसलं नाही.