सालमंदर

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं, कारण तो माणूस मला आजही आवडत नाही.

चहाचा ग्लास समोर आला की तो त्यावर तळहात पालथा धरायचा आणि म्हणायचा, "आग वर, माल खाली. ह्याला म्हणतात सालमंदर!" मुंबईच्या एका बड्या हॉटेलात तो भटारखान्यात होता. निवृत्त होऊन रत्नागिरीत आमच्या आळीत परतला तो थापांचं गाठोडं घेऊनच. कुठलीशी नटी म्हणे त्याच्या हातचं सूप प्यायल्याशिवाय शूटिंगला उभी राहत नसे. आरे-वारेचा समुद्र त्याच्या मते मिळमिळीत. बांगड्याला नाकं मुरडायचा आणि आमच्याकडे तळलेला दिसला की ताट पुढे करायचा. तुमच्याही आळीत असा एक असेलच.

एका संध्याकाळी वाचनालयाच्या ओट्यावर त्याचं सालमंदर पुन्हा पेटलं. मी शाळेत इंग्रजी शिकवलेला माणूस. आत जाऊन जाडा कोश आणला आणि खड्या आवाजात अर्थ सांगितला, "सॅलमँडर. दिसायला पालीसारखा, बेडकाच्या जातकुळीतला, शेपटीवाला प्राणी."

"म्हणजे हॉटेलात शेपटीवाले बेडूक भाजत होतात?" कोणीतरी म्हणालं. अख्खा ओटा हसून लोळला.

"नाय हो मास्तर, नीट बघा. भट्टीच ती. वरून जाळ..."

"छापलेलं खोटं आणि तुम्ही खरे?" मी कोश मिटला.

मिटला, कारण पुढचं मी वाचलं होतं. हा प्राणी आगीत राहतो, जळत नाही, अशी जुन्या लोकांची समजूत. शब्द मूळचा ग्रीक. फारसीत त्याला समंदर म्हणतात. त्या समजुतीवरूनच निखाऱ्यात लाल करून पदार्थावर धरायच्या लोखंडाला ते नाव पडलं, आणि पुढे वरून जाळ देणाऱ्या भट्टीला. आयुष्यात एकदा तो खरं बोलला होता, आणि नेमकं तेच मी खोटं पाडलं.

तेव्हापासून तो 'शेपट्या' झाला. त्याच्या सुनेच्या माहेरीसुद्धा. मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो.

गेल्या वर्षी तो अंथरुणाला खिळला. खरं काय ते सांगायचंच, असं ठरवून मी गेलो.

"मास्तर, तुमचंच बरोबर असेल," तो आपणहून म्हणाला. "प्राणीच असेल तो. मीच कायतरी भलतं नाव धरून बसलो."

सुनेने चहा आणला. त्याचा हात ग्लासावर गेला नाही.

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, "पण ती नटी मात्र खरी हां!" माझं डोकं पुन्हा फिरलं. मी उठून चालता झालो.

महिन्याभरात आळीच्या ग्रुपवर आलं, 'आपले शेपट्याकाका गेले.' खाली जोडलेल्या हातांची रांग. त्यात माझेही.

सांगायचं होतं ते एवढंच: भट्टीच होती ती. मी पुढचं मुद्दाम वाचून दाखवलं नाही. माफ करा.