जीपवरचा झेंडा आणि दत्तादादाची आई

गेल्या रविवारी पासलीला होते, मावशीकडे. माझा मावसभाऊ दत्तादादा फौजेतून रिटायर होऊन घरी येणार होता आणि गावाने त्याची मिरवणूक काढायचं ठरवलं होतं.

आमच्या वेल्ह्याकडे आता ही पद्धतच पडली आहे. फौजी रिटायर होऊन आला की उघडी जीप, हलगी, गुलाल, दारोदारी औक्षण... लग्नात नवरदेवाचा होत नाही एवढा थाट. दादा तसा लाजरा माणूस. फोनवर "कशाला एवढं" म्हणत होता, पण गाव ऐकतंय होय?

मीही मागे राहिले नाही. पुण्याहून येताना झेंडूच्या माळांचं अख्खं पोतं घेऊन आले आणि मंडळाच्या पोरांच्या ताब्यात दिलं. पोरं जीप सजवायला वेल्ह्याला गेली, मी मावशीजवळ थांबले.

मावशी पहाटेपासून नुसती आत-बाहेर करत होती. नवीन लुगडं, हातात औक्षणाचं ताट, त्यातला दिवा वाऱ्याने विझला की पुन्हा लावायचा... मी चिडवलं पण, की तुझं लग्न आहे का आज? ती हसली नाही. नोकरीभर दादा लांब, सीमेवर. टीव्हीवर जवान शहीद झाल्याची बातमी लागली की मावशी उठून गोठ्यात जायची आणि बातमी संपल्यावरच परत यायची, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आम्हाला वाटलं, आता ते संपलं.

दुपारी लांबून हलगी ऐकू आली. भात काढून झाल्यामुळे खाचरं मोकळी होती, त्यामुळे वळणापासूनचा रस्ता दारातून दिसत होता. मग गावाच्या वेशीवर, देवळाजवळ हलगी थांबली. दादा देवीच्या पाया पडायला उतरला असणार, हे मला कळलं. देवळापाशी गाडी वळत नाही म्हणून पोरांनी ड्रायव्हरला पुढे पाठवलं होतं, हे मात्र नंतर कळलं.

तर आमच्या दाराकडे आधी आली ती नुसती जीप. हळूहळू, बिनआवाजाची. बॉनेटवर पसरलेला तिरंगा, त्यावर माझ्याच झेंडूच्या माळा... मागे चार-पाच बाप्ये गप चालत येत होते. आणि दादा कुठेच नाही.

मावशीने ताट माझ्या हातात दिलं आणि उंबऱ्यावर बसली. मला वाटलं उन्हात उभी राहून दमली. मग तिचा चेहरा पाहिला. डोळ्यात पाणी नव्हतं, काहीच नव्हतं. नजर त्या बॉनेटवर... "ह्यो कुठंय?" एवढंच विचारलं तिने, आणि तेही मला नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अशी सजवलेली गाडी तिने फक्त टीव्हीवर पाहिली होती. गोठ्यात जायच्या आधी, तेवढ्या एका क्षणात.

मी ओरडून सांगितलं, अगं देवळात आहे तो, येतोय. सकाळीच फोनवर बोलली होती ती त्याच्याशी. पण तिच्या कानात काही शिरेना. एवढ्यात वळणावरून दादाच धावत आला, कपाळभर गुलाल, अंगावर वर्दी. त्याने आईकडे पाहिलं, मग आई पाहत होती तिकडे पाहिलं. कुणी सांगायची गरजच पडली नाही.

तिच्यासमोर उकिडवा बसला. "आई, त्यातला न्हाई मी. माज्या पायानं चालत आलोय, बघ."

मावशीने त्याचे पाय चाचपले. खरंच... बुटांवरून हात फिरवला, मग गुडघ्यांवरून, मग तोंडावरून. तिथे उभ्या असलेल्या एकाही माणसाला वर बघवेना, मलाही नाही.

मग दादा उठून जीपकडे गेला. माळा अलगद बाजूला केल्या, मला ताट खाली ठेवून झेंड्याचं एक टोक धरायला लावलं आणि घडी घातली. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली, मग दोन्ही बाजू आत, शेवटी वर दिसतं ते अशोकचक्र. मंडळाचा अध्यक्ष संतोष बिचारा रडकुंडीला आला होता. दादा त्याला म्हणाला, "तुमी मायेनं केलं, मला कळतंय. पण ह्यो गाडीवर न्हाई टाकायचा, बाबा."

ती घडी दोन्ही तळव्यांवर घेऊन तो आईपुढे उभा राहिला. मावशीने हात मागे घेतले. आता ही घेतच नाही, असं मला वाटलं... ज्याला ती इतकी वर्षं भीत आली तोच झेंडा समोर होता.  दादा तसाच उभा राहिला.

मग तिने पदराला हात पुसले. "ह्यो माज्या दारात येऊ नये म्हणून लई नवस केले रं म्या," म्हणाली, आणि हात पुढे केले.

दादाने झेंडा तिच्या हातावर ठेवला, दोन पावलं मागे सरला आणि सॅल्यूट केला. झेंड्याला की आईला, ते त्याचं त्याला ठाऊक.

मग मिरवणूक निघाली ती मावशीच्या मागून. ती पुढे, छातीशी झेंडा धरून, अनवाणी. दादा तिच्या बाजूने. गुलाल त्यावर पडू नये म्हणून पोरांनी तो उधळायचा बंद केला होता. रिकामी जीप सगळ्यांच्या शेवटी. शाळेपर्यंत गेलो आणि तिथे तिने तो जपून ठेवायला गुरुजींच्या हातात दिला. इतका देखणा सोहळा मी आजवर पाहिला नाही.

संध्याकाळी पंगत उठल्यावर मावशी माझ्याजवळ येऊन बसली. सगळं गाव दादाभोवती होतं. ती आपल्या रिकाम्या तळव्यांकडे बघत म्हणाली, "म्या तर ल्योक समोर उभा असून भ्याले. ज्यांच्या दारात त्यो झेंडा खरंच तसा आला, त्या आयांनी कसा घेतला आसंल गं हातात?"

मी तिचे तळवे माझ्या हातात घेतले. त्या सगळ्या आयांना आमच्या मावशीचा आणि माझा नमस्कार.