ती खुशीने गेली, असं मी लिहिलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज सांगतोय तो मन हलकं करायला नव्हे — संताप होतो स्वतःचा, म्हणून.

गोवा मुक्त होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी हळर्णला शाळामास्तर होतो, मोडी वाचता येणारा गावात एकटाच. तिथल्या बड्या जमीनदारांनी, दादांनी, मला आपल्या घराण्याचा इतिहास लिहायला सांगितलं. पेटीभर कागद पुढ्यात ठेवले.

त्यांत एक पत्र निघालं. त्यांच्या घराण्यातल्या चंद्राबाईचं, कैक पिढ्यांपूर्वीचं. तह टिकावा म्हणून तिला शत्रूच्या घरात दिली होती. भावाला लिहिते — ‘मजला कोणी विचारिलें नाहीं. मी जात नाहीं, मज नेताहेत.’

दादांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मास्तर, ह्या बरा दिसणा नाय. ती खुशीन गेली, असा लिवा."

आणि मी लिहिलं! भ्यालो होतो का? छे. त्यांच्या ओसरीवर मला खुर्ची मिळायची, चहा यायचा, लोक उठून नमस्कार करायचे. तेवढ्यासाठी.

दादांना पुस्तकाची घाई कशाची होती, तेही मला ठाऊक होतं. निवडणूक आलेली. दादांना साखळीच्या एका घराण्याची साथ हवी होती, आणि त्या घरात लग्नाचा मुलगा होता. दादांची लेक सुलभा — माझीच विद्यार्थिनी — तिला पणजीला शिकायला जायचं होतं. तीन दिवस ती जेवली नाही. मग दादांनी माझं पुस्तक तिच्यापुढे टाकलं.

ती शाळेत आली. डोळे सुजलेले. एवढंच विचारलं, "मास्तर, चंद्राबाय खरीच खुशीन गेली?"

माझ्या एका शब्दाची वाट बघत होती ती. एका!

"होय गो बाय," मी म्हणालो. "कागदात तसाच आसा."

त्या संध्याकाळी ती जेवली. महिन्याभरात लग्न झालं. निवडणूक दादा हरलेच — व्याह्यांनी ऐन वेळी पाठ फिरवली. सुलभा मात्र तिथेच राहिली.

बऱ्याच वर्षांनी ती साखळीच्या बाजारात भेटली, सोबत लग्नाला आलेली लेक. मुलगी तोंड फिरवून उभी. सुलभा तिला म्हणाली, "हेच ते मास्तर. लग्नाक नाय म्हणतंस ना? विचार त्यांका, आमच्या घरातली चंद्राबाय कशी गेली ती."

मुलीने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "खुशीन."