सूस खोऱ्याचं तिसरं प्रकरण

प्रभाताईंची आणि माझी पहिली भेट झाली ती डब्लिनच्या ब्युमॉन्ट भागात, त्यांच्या लेकाच्या दारात, २०२०च्या लॉकडाउनमध्ये. मी इथल्या मराठी मंडळातर्फे किराणा पोचवायला गेलो होतो. ताईंनी खिडकीतूनच विचारलं, "मराठी टाइप करता येतं का हो?" मी 'हो' म्हणालो आणि कायमचा अडकलो.

पुण्यात आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या ताई तेव्हा मोरोक्कोतल्या सूस खोऱ्यावर पुस्तक लिहीत होत्या. दोन ॲटलास डोंगररांगांमधली सुपीक जमीन, तिथला जुना साखरधंदा, तिथले अमाझिग, म्हणजे बर्बर लोक. पंच्याहत्तरीला पुस्तक हातात पडायचं, असं ठरलं होतं. पण तिथल्या माणसाला ऐकवल्याशिवाय एक ओळही पक्की करायची नाही, हा ताईंचा नियम. अहो, डब्लिनमध्ये सूसचं माणूस आणायचं कुठून? तर ते शेजारीच निघालं! इज्जा, हॉस्पिटलात काम करणारी. मग परसातल्या भिंतीपलीकडे इज्जा, अलीकडे ताई तिला एकेक पान इंग्रजीतून सांगताहेत आणि मी कुडकुडत दुरुस्त्या टिपतोय.

ताईंची मायाही तसलीच. मला कोविड झाला तेव्हा त्यांनी लेकाच्या हाती रोज पिठलं-भात पाठवला, आणि डब्याखाली तपासायची पाच पानं! आता काय बोलायचं?

पुस्तक छापायला जायच्या आठवड्यात तिसरं प्रकरण ऐकवलं, संत्र्यांच्या बागांचं. इज्जा म्हणाली, "आमची बाग बाबांनी तोडली. विहिरीला पाणीच उरलं नाही. तेही लिहा ना." ताईंनी अख्ख्या प्रकरणावर काट मारली.

"ताई, पंच्याहत्तरी महिन्यावर आलीय!" मी अक्षरशः ओरडलो.

"मग शहात्तरीला काढू," त्या शांतपणे म्हणाल्या.

म्हणून ताईंच्या पंच्याहत्तरीचा हा गौरवग्रंथ वेळेवर निघतोय आणि त्यांच्या पुस्तकाचा पत्ता नाही. चार दिवस मी ताईंचा फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी झक मारत गेलो. इज्जाचे वडील गावाहून फोनवर तोडलेलं एकेक झाड सांगत होते, इज्जा ते इंग्रजीत करत होती, ताई लिहून घेत होत्या. टाइप झाल्यावर इज्जाने विचारलं, "यात बाबांचं नाव कुठलं?" मी दाखवलं. त्या अक्षरांवर बोट ठेवून ती रडायला लागली. मलाही राहवलं नाही. पण म्हणून माझा राग गेला, असं कुणी समजू नये.

ताई, शंभरी गाठा, धडधाकट राहा. इज्जाच्या बाबांनाही तेवढंच आयुष्य लाभो. त्यांनी कालच कळवलंय, शेजाऱ्यांच्या बागा सांगायच्या राहिल्यात.