शापाशी थांबलेली गोष्ट

तरुणपणी मी माझ्या मिशीवर फार मेहनत घेतली होती. त्या मिशीसकट एकदा मी साडी नेसून भर वर्गात उभा राहिलो आणि कुणी हसलं नाही. अजून कधी मनाविरुद्ध हसू आलं तर मला ती शांतता आठवते आणि हसू परत जातं.

पाणीगेटजवळच्या एका सरकारी शाळेत मी मास्तर होतो. वर्गात अर्धी मुलं शिलेदार-शिपायांच्या घरची मराठी, अर्धी आसपासच्या पोळांतली, त्या अरुंद गल्ल्यांतली, गुजराती. एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसायची, पण एकमेकांच्या घरी काय चालतं हे त्यांना ठाऊक नसे. मलाही नव्हतं, पण मी मास्तर, त्यामुळे मला ठाऊक नाही हे कुणाला ठाऊक नव्हतं.

अशात माझ्या डोक्यात एक कल्पना शिरली. (माझ्या डोक्यात कल्पना शिरली की आमची मंडळी आधी काचेची बरणी फडताळात वर ठेवायची.) क्रमिक पुस्तक बाजूला ठेवायचं, मुलांच्या घरी सांगतात त्या व्रताच्या गोष्टी वर्गात आणायच्या, आणि एकाच्या घरची गोष्ट दुसऱ्यांनी करून दाखवायची. शीतळादेवीची गोष्ट दोन्हीकडे आहे. आमच्या कहाणीत तळं आहे, गुजराती कथेत चूल. सातमीच्या आदल्या दिवशी रांधून चूल विझवायची आणि सातमीला गार खायचं, हा त्यांचा नेम. कथेतली धाकटी सून चूल विझवायला विसरते आणि झोपते. देवी राखेत लोळायला येते, ती भाजते, शाप देते आणि सुनेचं मूल जातं. शेवटी सून देवीच्या पायाशी जाते, देवीची आग निवते, मूल उठून बसतं.

आमचं तळं गुजराती मुलांनी झकास केलं. चुलीची पाळी आली तेव्हा शिपायांची पोरं अडून बसली. "आमच्या आज्यानं लढाया मारल्यात, आम्ही सून न्हाई व्हणार." देवी व्हायला मात्र एकजण लगेच तयार झाला, कारण देवीला शाप द्यायचा होता. शेवटी लहरीपुऱ्यातल्या एका कापडवाल्याचा मुलगा उठला. टपोऱ्या डोळ्यांचा, अखंड बडबड्या. "हुं करीश, साहेब," म्हणाला. आईचा जुना साडलाही घेऊन आला.

तालमी रिकाम्या शेगडीवर झाल्या. मग तपासनीस साहेब येणार असल्याचं कळलं, आणि मला वाटलं, साहेबांसमोर रिकामी शेगडी म्हणजे वरातीत नवरदेव नसल्यासारखं. ते येणार त्या सकाळी मी शाळेच्या शिपायाकडून निखारे मागवले.

मुलगा उशिरा आला. "साहेब, बा ना पाडे छे. आजे नहि. आजे सातम." बा म्हणजे त्याची आई; ती नको म्हणत होती.

आमच्या घरी सातम केव्हाच झाली होती. गार भात मी स्वतः खाल्ला होता. मी म्हणालो, "वा! आता तू मला पंचांग शिकवणार? तुझ्याच घरची गोष्ट, आणि तुलाच भीती?"

तो गप्प झाला. त्याला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

खेळ सुरू झाला. शेगडीत निखारे लाल दिसले तशी गुजराती मुलं मागे सरत सरत भिंतीला टेकली. मला वाटलं, काय अभिनय करतात! मुलगा साडल्यात तोंड लपवून शेगडीशेजारी निजला. शिपायाच्या पोरानं घोगऱ्या आवाजात असा शाप दिला की माझ्याही अंगावर काटा आला. तेवढ्यात साहेबांनी घड्याळ काढलं. "उत्तम, मास्तर! परस्परांच्या चालीरीतींची ओळख, हेच पाहिजे. पुरे आता, मला मांडवीकडे अजून एक शाळा पाहायची आहे." ते उठले. मी त्यांना पोचवायला फाटकापर्यंत पळालो. परत येऊन पाहतो तो मुलगा तसाच निजलेला, आणि शेगडी विझवायला कुणी पुढे झालेलं नाही.

घरी जाऊन मी सगळं रंगवून सांगितलं. मंडळी वाती वळत होती. तिचे हात थांबले.

"आज विस्तव पेटवलात? त्या पोरांपुढे?"

"सातम झाली ना?"

"आपली झाली, शुद्धातली. त्यांची वद्यातली, ती आज. सकाळपासून शेजारच्या बेनकडे धूर नाही, दिसलं नाही तुम्हांला?"

"मी पुस्तकं वाचतो. धूर वाचत नाही."

"म्हणून तर."

मुलगा दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्याही. मग कळलं, ताप आहे; आणि मग, अंगावर देवी उठल्यात. एकेक करून पोळांतली सगळी मुलं यायची थांबली. अर्धी सतरंजी मोकळी पडली. गावात देवीची साथ आधीपासूनच होती, लस टोचणारा पोळात आला की आया मुलांना माळ्यावर लपवत. शेगडीतल्या निखाऱ्यानं कुणाला देवी येत नाहीत, हे मी स्वतःला सांगत होतो. खरं असूनही ते फार वेळा सांगावं लागत होतं.

शेवटी मी त्याच्या घरी गेलो. दारावर कडुनिंबाचे डहाळे. संध्याकाळची वेळ, पण कुठे वघार नाही, फोडणीचा वास नाही. आई उंबऱ्याआड उभी राहिली. अर्धं गुजराती, अर्धं माझ्यासाठी मराठी, असं बोलली.

"विस्तव पेटवला, तुम्हांला माहीत नव्हतं. भले. पण गोष्ट शापाशी केम सोडली?"

"साहेबांना घाई होती, बेन."

"साहेबांना घाई. अने मारो छोकरो हजी तिथेच पडलाय, जिथे तुम्ही निजवला."

आतून कण्हण्याचा आवाज आला. मी विचारलं, "मी काय करू?"

"पूरी करो."

मी दारोदार फिरलो. मुलं आली, बरोबर त्यांच्या आयाही आल्या. पण सुनेच्या जागी निजायला एकही मूल तयार होईना, आणि मला जबरदस्ती करवेना. मग राहिलं कोण? मी घरी येऊन साडी मागितली.

"आणि मिशी?" मंडळीनं विचारलं.

"राहू दे."

"राहू दे. देवीला माणूस तरी ओळखू येईल," ती म्हणाली, पण नेसवताना तिचे हात गार होते.

वर्गात शेगडीत थंड राख. मागच्या भिंतीशी बायका उभ्या. मी, एवढा बाप्या, लुगड्यात, उशीचं मूल छातीशी धरून शिपायाच्या पोरासमोर गेलो. त्याला बोलणं आठवेना. मी कुजबुजून त्याची वाक्यं सांगितली, त्याच्या पायावर डोकं ठेवलं, उशी उचलून बसती केली. गोष्ट संपली. आयुष्यभर वर्गात हसू नका म्हणून ओरडलो. त्या दिवशी कुणीतरी हसावं म्हणून मी माझी मिशी उतरवून दिली असती. बायका एकेक करून न बोलता निघून गेल्या.

दिवाळीनंतर तो आला. चेहऱ्यावर वण, डावा डोळा पांढरा. माझ्याकडे पाहायला त्याला सगळी मान वळवावी लागली. आपल्या जुन्या जागी बसला आणि मधल्या सुट्टीत बडबडायला लागला तेव्हा मला हायसं वाटलं.

"साहेब, बा कहे छे, तुम्ही साडलो अवळो नेसलात. आमच्यात पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो. तुम्ही डाव्यावर टाकला, मराठी बाईसारखा."

मी त्याच्या डाव्या डोळ्याकडे पाहत राहिलो. "म्हणजे बा म्हणतात की..." पुढचं मला विचारवलं नाही.

"आवते वर्षे हुं पहेरावीश," तो म्हणाला. पुढल्या वर्षी तो स्वतः मला नेसवणार होता. कुठला खांदा ते दाखवायला त्यानं हात पुढे केला. एका डोळ्याला अंतराचा अदमास येईना; हात माझ्या खांद्याच्या अलीकडेच हवेत पडला.

मी खाली वाकलो.