वासंतीताईंचा आराखडा

वासंतीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोन गावच्या नाक्यावर रिक्षात बसत होतो. फोन त्यांच्या बहिणीचा. "संजय, ताई सकाळी गेली," त्या म्हणाल्या. मी रिक्षा सोडून दिली.

कापड कारखान्यांतल्या लूमच्या आवाजानं कामगारांचे कान कसे जातात, हा आमचा अभ्यास. माणसं दोनच, त्या आणि मी. मला वाटलं होतं, रेकॉर्डर घेऊन टेमघरच्या कारखान्यांत जायचं आणि कामाला लागायचं. ताईंनी मला दोन महिने टेबलाशी बसवून ठेवलं. मुलाखती कुठे साठवायच्या, प्रती किती, नावांची यादी कुणाच्या कुलपात, काम संपल्यावर काय ठेवायचं, काय पुसायचं... सगळं आधी लिहून काढलं, तोच आमचा आराखडा. मी वैतागलो. "ताई, अजून एक माणूस बोललेला नाही आणि आपण त्याचं बोलणं पुसायचं ठरवतोय!"

"आधीच ठरवायचं. नंतर मोह होतो," त्या म्हणाल्या. त्यांच्या जुन्या एका कामात एका बाईचं नाव बाहेर फुटलं होतं आणि तिची नोकरी गेली होती. हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही खिडकीकडे बघत.

दुसऱ्या वर्षी शेलार गावचा एक कामगार आला. त्याची मुलाखत आमच्याकडची सगळ्यात चांगली. बायकोची हाक ऐकू येत नाही म्हणून तो तिच्या ओठांकडे बघत जेवतो, असं त्यानं सांगितलं होतं. तो दारातूनच म्हणाला, "बाय, माझा बोलनं काढून टाका. भाऊ त्याच कारखान्यात लागलाय. शेठला कललं तर बरा न्हाय." ताईंनी त्याला शेजारी बसवलं आणि त्याच्यादेखत तिन्ही प्रती पुसल्या. तो गेल्यावर मी आवाज चढवला. नुसतं नाव काढलं असतं तर चाललं असतं, म्हणालो. ताई भांडल्या नाहीत. पण आठवडाभर आम्ही कामापुरतंच बोललो. आज तो आठवडा मला परत हवाय...

अहवाल मी एकट्यानं पुरा केला. आराखड्याप्रमाणे आता सगळी ध्वनिमुद्रणं पुसायची होती आणि जबाबदार व्यक्ती म्हणून खाली माझंच नाव होतं, त्यांच्या अक्षरात. प्रत्येक मुलाखतीत त्यांचा आवाज आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी त्या प्रश्न दोनदा विचारत, दुसऱ्यांदा सावकाश. पुसण्याआधी मी एकेक मुलाखत ऐकत गेलो. चार दिवस लागले.

शेवटच्या मुलाखतीत कामगार निघून गेल्यावरही रेकॉर्डर चालूच राहिला होता. कपबशांचा आवाज, खुर्ची सरकल्याचा आवाज. मग ताई म्हणतात, "संजय, दमलास ना? चहा घे आधी." मी काहीतरी पुटपुटतो, ते कळत नाही.

एवढं बाजूला काढून ठेवावं, असं फार वाटलं. त्यात कामगाराचं काहीच नव्हतं. मी ते दोनदा ऐकलं. मग तिन्ही ठिकाणचं पुसलं, आराखड्यावर तारीख घातली आणि सही केली. त्या खोलीत आता मी एकटाच बसतो. चहा करताना अजूनही दोन कपांचं पाणी ठेवलं जातं.