चटणीच्या पुड्या

२ मे. स्वयंपाकघराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला, तर माझी जुनी वही निघाली, आणि उघडताच शेंगाचटणीचा वास आला. लग्नानंतर दोन वर्षांनी मी कारकुनाच्या परीक्षेचा अर्ज भरला होता. इंग्रजीची धास्ती, म्हणून वहीत डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे मराठी अर्थ लिहून भाकऱ्या थापताना पाठ करायचे. ‘पुट अप विथ’ म्हणजे निमूट सहन करणे, ‘कॉल इट अ डे’ म्हणजे आजचं काम इथंच थांबवणे. परीक्षा दहा दिवसांवर आलेली असताना बाजारातून परतले, तर वहीची निम्मी पानं फाडलेली. सासूबाई घरी कुटलेली चटणी विकायच्या. त्या दिवशीच्या पुड्या माझ्या पानांत बांधून त्यांनी गल्लीभर पोचवल्या होत्या. विचारलं, तर उखळावरून मान वर न करता म्हणाल्या, “लई शिकलीस की! आता भाकरी इंग्रजीत थापणार व्हय?” नणंद फिदीफिदी हसली. शेजारच्या यंत्रमागांचा खटखटाट चालू होता, म्हणून मी सासूबाईंना मोठ्यानं म्हटलं, “आत्या, उद्या मी पानं परत आणणार.” “दारोदार फिरून घराची शोभा करू नगंस.” “शोभा तुम्ही पुड्यांत बांधून वाटलीत,” मी म्हटलं. आज वहीत परत ठेवलेल्या त्या पानांतून तेल आरपार गेलंय, तरी अक्षर न अक्षर वाचता येतं. त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी गल्लीतलं पहिलं दार वाजवलं आणि म्हटलं, “चटणी तुमची, कागद तेवढा माझा.”